फेस आला नाही म्हणून दगड सुरक्षित?

‘दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर दगड टाकीत टाकू नका, नाही आला तर बिनधास्त टाका.’ मत्स्यालय ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, हा सल्ला मिळतोच. दुकानदार देतो, मित्र देतो, मित्राचा मित्र देतो. परवा तो मला एका सिनॉप्सिसच्या मसुद्यात भेटला. ‘कार्यपद्धती’ या मथळ्याखाली, एका ओळीत, संदर्भाशिवाय. आजचा लेख त्या एका ओळीवर आहे.

मसुदा आमच्या गोंडपिपरीकडच्याच एका ज्युनिअरचा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेलं, पेटची तयारी चालू. विषय असा, की खाऱ्या पाण्याच्या छोट्या मत्स्यालयासाठी बाहेरून मागवलेले महागडे दगड न वापरता चंद्रपूर-गडचिरोलीत मिळणारं साहित्य सजावटीला चालेल का. मला कल्पना आवडली, हे आधीच सांगते. आमच्याकडची मुलं सायकॉन, ऑरेलिया, तारामासा यांच्या आकृत्या तीन वर्षं काढतात आणि त्यातला एकही प्राणी जिवंत न बघता पदवी घेतात. प्रयोगशाळेत एक शंभर लिटरची खारी टाकी असती तर किती फरक पडला असता! त्यामुळे खालची टीका कल्पनेवर नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द आपण किती स्वस्तात वापरतो, त्यावर आहे.

(सहज एक गंमत. गोंडपिपरीहून समुद्र म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. नकाशावर पट्टी ठेवून बघा, बंगालचा उपसागर जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. आपल्या खालच्या अंगाला वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते, म्हणजे आपलं पाणीही तिकडेच जातं.)

आता व्हिनेगर. ही चाचणी मुळात कशासाठी आहे? दगडात कार्बोनेट आहे का, एवढंच ती विचारते. आम्ल पडलं की चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, फेस दिसतो. गोड्या पाण्याच्या टाकीत याला अर्थ आहे, कारण तिथे चुनखडी हळूहळू विरघळते, पाणी जड होतं, पीएच चढतो आणि मऊ पाण्यात राहणाऱ्या माशांना ते सोसत नाही. म्हणून तिथे ‘फेस आला तर नको’.

समुद्राच्या पाण्याचं गणित वेगळं. त्याचा पीएच आधीच ८.१ च्या आसपास असतो, लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत ते पाणी संपृक्ततेच्याही वर असतं. अशा पाण्यात चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. जगभर खाऱ्या टाक्यांत जो दगड सर्रास वापरतात तो कार्बोनेटचाच असतो. म्हणजे फेस येणारा दगड इथे दोषी नाही, उलट पहिला उमेदवार आहे. चाचणी तीच, थेंब तेच, पण निष्कर्ष उलटा. ज्युनिअरने गोड्या पाण्याचा नियम उचलून खाऱ्या पाण्याला लावला आणि चंद्रपूर जिल्ह्यातला सगळ्यात सोयीचा दगड पहिल्याच पायरीवर बाद केला. तो दगड म्हणजे राजुरा-कोरपना पट्ट्यातला चुनखडक, ज्याच्यावर आपले सिमेंट कारखाने उभे आहेत. हा खडक स्वतःच एका अतिप्राचीन समुद्राचा गाळ आहे. समुद्रात जन्मलेल्या दगडाला समुद्राच्या पाण्यासाठी नापास केलं, असं झालं हे.

इथपर्यंतची चूक गाईडने एका वाक्यात दुरुस्त केली असती. नियम उलटा करा, फेस आला तर घ्या, संपलं. पण खरी अडचण नियम उलटा केल्यावर सुरू होते.

मॅलाकाइट हे हिरवं खनिज तुम्ही पाठ्यपुस्तकात बघितलं असेल. तेही कार्बोनेटच, पण तांब्याचं. आम्लात तेही वायू सोडतं, फक्त सावकाश. ‘फेस आला तर घ्या’ म्हणणाऱ्या चाचणीतून मॅलाकाइट सुखरूप आत येतं. उलट चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं-लोखंडाचं सल्फाइड, व्हिनेगरला अजिबात दाद देत नाही. जुन्या नियमाने ते ‘फेस नाही, सुरक्षित’ म्हणून आत येतं. म्हणजे चाचणी सरळ वाचा की उलटी, तांबं दोन्ही दारांनी आत शिरतं, कारण तांब्याबद्दल तिला कुणी विचारलेलंच नाही. हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासन्याच्या परिसरात तांब्याचा साठा आहे, हे भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. नदीनाल्यातून उचललेला गोटा कुठल्या खडकातून सुटून आला, हे गोटा सांगत नाही. कोळशाच्या पट्ट्यातली काळी पाटी असेल तर तिच्यात पायराइट असू शकतं. पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून आम्ल आणि लोह सुटतं. त्यावरही व्हिनेगर गप्पच.

तांब्यावर एवढा जोर का देते, तर खाऱ्या टाकीतला तो सगळ्यात फसवा विषय आहे. उघड्या समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरमागे साधारण पाव मायक्रोग्रॅम असतं. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, त्यावर तांब्याचंच औषध देतात, लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. मासे ते सोसतात. त्याच पाण्यात गोगलगाय, कोळंबी, समुद्रफूल, प्रवाळ टिकत नाहीत. आणि ज्युनिअरच्या मसुद्यात सुरक्षिततेचा निकष काय लिहिलाय? ‘मासे तीस दिवस जगले पाहिजेत.’ म्हणजे ज्या जिवाला फरक पडत नाही, त्यालाच साक्षीदार म्हणून उभं केलं.

एक छोटा हिशेब करू. कागद घ्या. शंभर लिटरची टाकी, तिच्यात एक दगड, आणि समजा त्यातून काही आठवड्यांत एकूण २ मिलिग्रॅम तांबं सुटलं. आकडा मी धरलेला आहे, मोजलेला नाही. २ भागिले १००, म्हणजे लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजेच २० मायक्रोग्रॅम. समुद्राच्या सुमारे ऐंशी पट. आता दुकानातलं तांबं मोजायचं रंगाचं किट काढा. बहुतेक किट ०.०५ किंवा ०.१ मिलिग्रॅमच्या खाली काही दाखवत नाहीत. तुम्ही वहीत लिहिणार ‘तांबं : शून्य’. ते शून्य नाही. ते ‘किटच्या नजरेच्या खाली’ आहे. आपल्या अर्ध्या प्रबंधांत या दोन गोष्टींतला फरक गायब असतो आणि व्हायव्हाला नेमका तोच निघतो.

मग उपाय? तोच दगड दहा लिटरच्या बादलीत ठेवा. तेवढंच तांबं सुटलं तर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम होतं आणि त्याच स्वस्त किटवर रंग दिसतो. म्हणजे सजावटीची चाचणी टाकीत करायचीच नाही. बादलीत करायची, दगड जास्त आणि पाणी कमी. पाणी मात्र खारंच हवं. नळाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात दगड भिजवून काढलेला आकडा खाऱ्या पाण्याला लावता येत नाही, कारण क्लोराइड आणि पीएच दोन्ही बदलले की धातू सुटण्याची चालही बदलते. आणि शेजारी एक कोरी बादली हवी. तेच मीठ, तेच पाणी, तीच प्लास्टिकची बादली, फक्त दगड नाही. कारण कृत्रिम समुद्री मिठातही थोडे धातू असतात, बादलीचं काय ते बादलीलाच माहीत. कोरी बादली नसेल तर तुम्ही जे मोजलं ते दगडाचं होतं की मिठाचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.

बादल्या किती? मसुद्यात होतं : एक दगड, तीन तुकडे, तीन बादल्या, ‘एन बरोबर तीन’. इथे थांबा. एका दगडाचे तीन तुकडे म्हणजे तीन नमुने नाहीत, एकच नमुना तीनदा मोजलाय. निष्कर्ष ‘राजुऱ्याचा चुनखडक’ असा काढायचा असेल तर राजुऱ्यात वेगवेगळ्या ठिकाणचे दगड हवेत. तसंच एका बादलीत दहा कोळंब्या सोडल्या तर एन दहा होत नाही, एकच राहतो, कारण बादली बिघडली तर दहाही एकदम मरतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली याच घोटाळ्यावर एक लेख लिहिला आणि त्याला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव रूढ केलं. चाळीस वर्षं झाली, घोटाळा चालूच आहे. पेटच्या आधी तो लेख वाचाच. इंग्रजी थोडं जड आहे, पण उदाहरणं साधी आहेत.

कोणता प्राणी वापरायचा, यावर आमची फोनवर बरीच चर्चा झाली. तो म्हणाला, ‘ताई, आर्टेमिया घेतो ना. अंडी पाकिटात मिळतात, दोन दिवसांत फुटतात, सगळे वापरतात.’ सगळं खरं. आर्टेमिया गोंडपिपरीतही पोस्टाने येतं. पण आर्टेमिया हा खारट डबक्यांत तग धरणारा चिवट जीव, धातूंनाही बऱ्यापैकी दाद न देणारा. ज्या पाण्यात तो आरामात फिरतो त्यात समुद्री साळिंदराचा भ्रूण वाकडातिकडा होऊ शकतो. म्हणूनच समुद्री पाण्याच्या विषारीपणाच्या चाचण्यांत साळिंदराचे भ्रूण वापरतात. आता गोंडपिपरीत समुद्री साळिंदर कुठून आणायचं? आणायचं नाही. बादलीचं पाणी इथे तयार करायचं आणि भ्रूणांची चाचणी किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रयोगशाळेत करता येते का, हे विचारायचं. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पत्र लिहायला पैसे पडत नाहीत. ते जमलं नाही तर आर्टेमियाच वापरा, हरकत नाही, पण मग निष्कर्षात ‘आर्टेमियावर परिणाम दिसला नाही’ एवढंच लिहा. ‘समुद्री जीवांसाठी सुरक्षित’ लिहू नका.

आता सिमेंट. मसुद्यातला माझा आवडता भाग हा, आणि सगळ्यात धोकादायकही. परदेशात हौशी लोक सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि मीठ मिसळून कृत्रिम खडक ओततात, ते कित्येक आठवडे पाण्यात भिजवतात, पीएच खाली आला की टाकीत घालतात. ताज्या सिमेंटमधून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, त्याच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२ च्याही वर असतो, म्हणून ते भिजवणं. ज्युनिअरने ही कृती जशीच्या तशी उतरवली आणि पुढे लिहिलं, ‘सिमेंट स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध आहे.’ चंद्रपूर जिल्ह्यात हे वाक्य कोण नाकारेल! पण कोणतं सिमेंट? त्या कृती बहुतेक साध्या किंवा पांढऱ्या पोर्टलँड सिमेंटच्या आहेत. आपल्या दुकानातल्या पोत्यावर बघा, बहुधा ‘पीपीसी’ लिहिलेलं असतं. त्यात औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली असते, भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के. राखेत कोळशातले सूक्ष्म धातू उतरलेले असतात. ते घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये अडकून राहतात की खाऱ्या पाण्यात सुटतात, हा चांगला, मोजता येणारा आणि आपल्याच जिल्ह्याला शोभणारा प्रश्न आहे. मी त्याच्या जागी असते तर बाकी सगळं सोडून यावरच सिनॉप्सिस लिहिला असता. पण त्याने प्रश्न उत्तर म्हणून लिहिला. नाव एकच आहे म्हणून वस्तू एकच असेल, असं धरून चालला.

लाकूड, बांबू, मातीची भांडी याबद्दल थोडक्यात. लाकूड खाऱ्या टाकीत नकोच, ते टॅनिन सोडतं, कुजतं, पाण्याची आम्ल पचवायची ताकद खातं. बांबूचं आमच्याकडे कौतुक असतं, आणि टिकाऊ बांबूवर काय उपचार केलेला असतो हे विचारलं तर कित्येकदा उत्तरात तांब्याचे क्षार निघतात. पुन्हा तेच. बिनरंगाचं, बिनचकाकीचं भाजलेलं मडकं चालण्यासारखं आहे, रंगवलेलं नाही. प्लास्टिकच्या किल्ल्यांवर, खजिन्याच्या पेट्यांवर ‘मत्स्यालयासाठी सुरक्षित’ असं छापलेलं असतं. कोणत्या पाण्यात, किती दिवस, कोणत्या प्राण्यावर तपासलं, हे छापलेलं मी तरी कुठे बघितलेलं नाही. आत वजनासाठी लोखंडाचा तुकडा असेल तर खाऱ्या पाण्यात तो गंजणारच. आणि दगड कितीही शुद्ध असला तरी तो आधी तळाच्या काचेवर पक्का बसवून मग वाळू टाका. वाळू उकरणारा मासा दगडाखालची वाळू काढतो आणि दगड काचेवर येतो. रसायनशास्त्राच्या नादात हे राहून जातं.

मसुद्यात एक वाक्य होतं ज्यावर मी लाल पेनाने नुसती रेघ नाही, चौकोन केला. ‘महाविद्यालयाच्या संग्रहातील जुने प्रवाळ सजावटीसाठी वापरता येतील.’ प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात पांढरे प्रवाळ असतात, खरं आहे. पण त्यावर कधी वार्निश मारलं, कधी फॉर्मॅलिनच्या बरणीतून काढून सुकवलं, याची नोंद सहसा नसते. ज्या वस्तूचा इतिहास माहीत नाही ती प्रयोगात ‘साहित्य’ नसते, ती गोंधळात टाकणारा घटक असते. दुसरं कारण कायद्याचं. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ताडोबातला वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत. आपल्याकडे वाघाचं कातडं कुणी दिवाणखान्यात लावत नाही, पण जत्रेत मिळालेला प्रवाळ काचेच्या कपाटात बिनदिक्कत असतो. काही मोठे शंखही याच कायद्याखाली येतात. संग्रहातला नमुना संग्रहातच राहू द्या. सिरोंच्याच्या वडधम परिसरातल्या अश्मीभूत लाकडाचा विचारही कुणाच्या मनात येऊ शकतो, दिसायला सुंदर असतं म्हणून सांगते : तो ठेवा आहे, सजावट नाही.

‘पण ताई, तारापोरवालात नाही का सगळं ठेवायचे?’ हा त्याचा शेवटचा बचाव. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं तेव्हा त्यातल्या काचेसारख्या अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्याची चर्चा आपल्याकडेही झाली. पण ज्याच्या दाराशी समुद्र होता आणि ज्याच्या टाक्या हजारो लिटरच्या होत्या, त्याचं गणित शंभर लिटरच्या बंद टाकीला लावता येत नाही. वरचाच हिशेब करून बघा. २ मिलिग्रॅम तांबं दहा हजार लिटरमध्ये गेलं तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे समुद्रात असतं साधारण तेवढंच. मोठ्या टाकीत चाललं, हा लहान टाकीसाठी पुरावा होत नाही.

उलट बाजूचा गोंधळही लक्षात घ्या, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. नवी टाकी लावली, सजावट टाकली, दोन आठवड्यांत मासे मेले. दोष दगडाला. पण नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया चढतोच, नायट्रीकरण करणारे जिवाणू अजून बसलेले नसतात. दगड आणि अमोनिया एकाच वेळी आले, तर मारलं कुणी? दोन्ही वेगळे करायचे असतील तर टाकी आधी महिना-दीड महिना चालवून, अमोनिया शून्यावर आणून, मग दगड घालावा लागतो. वर खाऱ्या टाकीतला दगड नुसती सजावट नसतोच. त्याच्या छिद्रांत हेच जिवाणू राहतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच समुद्रातले जिवंत दगड वापरून टाक्या चालवून दाखवल्या होत्या. म्हणजे भरीव, गुळगुळीत ग्रॅनाइटचा गोटा रसायनदृष्ट्या निर्दोष निघाला तरी कामाचा कमीच. ‘सुरक्षित’ आणि ‘उपयोगी’ हे दोन वेगळे रकाने आहेत. मसुद्यात एकच होता.

आम्ही शेवटी मसुद्याचं शीर्षक बदललं. ‘समुद्री मत्स्यालयासाठी स्थानिक सजावट साहित्याची सुरक्षितता’ होतं. आता ‘राजुरा परिसरातील चुनखडक आणि राखमिश्रित सिमेंटच्या ठोकळ्यांतून कृत्रिम समुद्री पाण्यात तांबे सुटण्याचे मापन’ असं आहे. लांब झालंय, कानाला बरं वाटत नाही, आणि गाईडला कदाचित किरकोळ वाटेल. पण पाच ठिकाणचे दगड, पाच ठोकळे, पाच कोऱ्या बादल्या, तीस दिवस, एवढ्यात ते होण्यासारखं आहे. मोजमापासाठी किट फक्त चाळणीला, खरा आकडा आयसीपी यंत्रावर, त्याच्या नमुन्यामागच्या दरासाठी दोन-तीन ठिकाणी विचारणा चालू आहे. बादल्या त्याने आणल्यात. सगळ्या एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या आणा, असं सांगितलं होतं, तर तीन निळ्या आणि बाकी हिरव्या आल्यात. निळ्या परत करायला पाठवलंय.